मोक्षधामाचा लाभार्थी

आमचे इंगोले साहेब मातीला जातात. तसे सगळेच जातात, पण आपण गेलेल्या माणसाला किंवा निदान त्याच्या मेव्हण्याला तरी ओळखत असतो. साहेबांना अशी काही अडचण नाही. गावात कोणीही गेलं, की हा उंच, किंचित वाकलेला माणूस खांद्यावर पांढरं उपरणं टाकून तिरडीच्या आधी स्मशानात हजर. तिथं ते रडत नाहीत, कोणाचं सांत्वन करत नाहीत. सरळ लाकडांच्या ढिगापाशी जातात, त्यातला एक ओंडका निवडतात आणि बाजारात माठ घेताना आपण जसा बोटांनी वाजवून बघतो, तसा वाजवतात.

पंचाईत अशी, की साहेबांचा डावा कान कधीच निवृत्त झालाय आणि उजव्याचा भरवसा त्यांना स्वतःलाही नाही. त्यामुळं जवळ जो उभा असेल त्याला ते म्हणतात, "भाऊ, तुमी ऐका बरं. टणटण वाजते का भद्द वाजते?" नुकताच ज्याचा बाप गेलाय असा मुलगा डोळे पुसत पुसत ओंडक्याला कान लावतो आणि सांगतो, "टणटण वाजते." साहेब मान हलवतात. "मंग कोरडं हाय. चालू द्या."

साहेब आमच्या नगर परिषदेत स्वच्छता निरीक्षक आहेत आणि मी तिथं आवक-जावकच्या टेबलावर बसतो. वाशिम जिल्ह्यातली ही नगर परिषद नेमकी कोणती, ते मी सांगणार नाही. सांगितलं, तर साहेब उद्या सकाळी टेबलापाशी येऊन विचारतील, "हे लिहासाठी परवानगी घेतली होती काय?"

हे मातीला जायचं वेड त्यांना पहिल्यापासून नव्हतं. ते ठेक्यापासून लागलं. मध्यंतरी आमच्याकडं एकेक काम ठेक्यानं द्यायची लाट आली होती. कचरा गेला, पथदिवे गेले, आठवडी बाजाराची वसुली गेली आणि शेवटी जिथं सगळेच जातात ते ठिकाणही गेलं. स्मशानभूमीला 'मोक्षधाम' अशी पाटी लागली आणि लाकूड, पाणी, दिवे, झाडलोट, सगळं पप्पूभाऊंच्या हवाली झालं. पप्पूभाऊंचं खरं नाव फक्त निविदेत आहे. मूळ धंदा लग्नाच्या मंडपाचा. त्यामुळं ताबा घेतला त्या दिवशी त्यांनी मोक्षधामाच्या फाटकावर झालर लावलेली 'सुस्वागतम्'ची कमान उभी केली. साहेबांनी ती पाहिली आणि तिथूनच फोन लावला.

"पप्पूभाऊ, इथं कोनाचं स्वागत करून राह्यले तुमी?"

"साहेब, स्टॉकमंधी तेवढीच कमान होती. 'शुभविवाह'वाली मीच काढून ठेवली ना."

ठेका दिला, की त्यावर देखरेख ठेवायला परिषदेचा माणूस नेमावा लागतो. हे काम कोणालाच नको होतं. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, कोणाची बायको नको म्हणाली, कोणाला ज्योतिषानं मनाई केली. शेवटी ती साहेबांपुढं आली आणि साहेबांनी ती अशी जपून घरी नेली, की आम्ही बघतच राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांना निविदेच्या अटी तोंडपाठ. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एकच पालुपद आलं, "अटीत हाय काय?" चहावाल्यानं चहात आलं टाकलं नाही, तर "आलं अटीत हाय." माझ्या टेबलावरचा पंखा बंद पडला, मी वैतागलो, तर "हवा अटीत नाई. खिडकी उघड."

पहिलं बिल आलं तेव्हाच खरी गंमत झाली. बिलासोबत एक दाखला लागतो, 'काम समाधानकारक आहे' असा. त्याखाली सही करायची. आजवर रस्ते, नाल्या, शौचालयं, सगळ्यांखाली आमच्या लोकांनी ही सही डोळे मिटून केलेली आहे. साहेबांनी पेन उघडलं आणि तसंच धरून बसले.

"समाधानकारक," ते म्हणाले. "पन कोनाचं समाधान?"

आमच्या मुख्याधिकारी मॅडम तरुण आहेत, हुशार आहेत आणि त्या दिवशी घाईत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "कोणाचं म्हणजे? लाभार्थ्याचं." आणि जीपमध्ये बसून निघून गेल्या. पुढं आख्ख्या ऑफिसात दुसरं काम झालं नाही. मोक्षधामाचा लाभार्थी कोण? बांधकामवाले म्हणाले, जो लाभ घेतो तो लाभार्थी. लेखापाल म्हणाले, तो तर लाभ घेऊन गेला, त्याला परत कुठून आणता? शेवटी मी सुचवलं, की रेशनवर कसं, कार्डवाला नसला की घरचं कोणी येतं, तसं जवळचा नातेवाईक धरा. साहेबांना ते पटलं. त्यांनी पप्पूभाऊंना फोन लावून निक्षून सांगितलं, "पयले समाधान, मंग सही. समाधान नाई त सही नाई."

तासाभरात एक काळासावळा, घामाघूम माणूस साहेबांच्या टेबलासमोर हात जोडून उभा.

"साहेब, बलावलं म्हने."

"तू कोन?"

"मी समाधान. पप्पूभाऊच्या ट्रॅक्टरवर असतो."

आमच्या भागात गल्लीत हाक मारली तर एखादा समाधान ओ देतोच, त्यामुळं पप्पूभाऊंना मी दोष देत नाही. ऑफिस हसून हसून लोळायचं बाकी होतं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, त्याला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "आता आलाच हायेस त सांग. लाकूड तूच टाकते ना तिथं? मंग तुवं समाधान हाय काय?" तो बिचारा भोळा. चहा संपेस्तोवर त्यानं सांगून टाकलं, की वरच्या थरात कोरडं असते, पण खाली कधी कधी ओली बाभूळही जाते. ओंडके वाजवायचं खूळ दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

नातेवाइकांचं समाधान विचारायची सुरुवात मात्र वाईट झाली. एका घरचे म्हातारे वारले होते. अग्नी देऊन सगळे बाजूला झाले, आणि साहेबांनी मोठ्या मुलाजवळ जाऊन, कान आडवा येऊ नये म्हणून जरा मोठ्यानंच विचारलं, "समाधान झालं काय?"

"माहा बाप मेला आन तुमी समाधान इचारता?" म्हणत तो धावून आला, मागून दोन पुतणे आले. मी साहेबांना स्कूटरवर मागं बसवून कसंबसं तिथून काढलं. सगळ्या वाटेनं ते मागून मला समजावत होते, की प्रश्न बरोबर होता, फक्त शब्द चुकला. तेव्हापासून ते एवढंच विचारतात, "लाकडाबद्दल काही म्हननं?" लोक नाही म्हणतात आणि त्यांना बरं वाटतं.

आमच्याकडं माती झाल्यावर पांगण्याआधी कोणीतरी उठून दोन शब्द बोलतं. साहेब प्रत्येक ठिकाणी असतातच, तेव्हा लोकांनी त्यांनाच आग्रह करायला सुरुवात केली. त्यांचं भाषण मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन. "मयताले मी ओळखत नव्हतो. लाकूड कोरडं होतं. टाकीले पानी हाय, तोटी गळत नाई. शेडच्या एका पत्र्यातून ऊन येते, ते ठेकेदारानं नीट करून द्यावं. नगर परिषदेकडून भावपूर्ण श्रद्धांजली." आधी लोक एकमेकांकडं बघायचे. आता वाट बघतात. आमच्या मेन रोडवर जैनांचं जुनं किराणा दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या शेटजींनी मुलांना माझ्यादेखत बजावून ठेवलंय, "माह्या मातीले इंगोलेले बोलावजा. बाकीचे माही तारीफ करतीन. तो खरं बोलीन."

हसा तुम्ही. मीही हसतो. पण आज आमच्या मोक्षधामात जाऊन बघा. सावलीला बाक आहेत, नळाला पाणी आहे, संध्याकाळी दिवे लागतात, आणि ठेका तर तोच आहे. केनवडहून, मेडशीहून मातीला आलेले पाव्हणे पाय धुता धुता म्हणतात, "तुमच्या गावचं लय चांगलं हाय बा." तेव्हा माझी मान ताठ होते. आता स्मशान बघायला या, असं काही कोणाला आमंत्रण देता येत नाही. नाहीतर मी दिलं असतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बेवारसांचा प्रश्न निघाला.

रस्त्यावर, स्टँडवर, कुठंतरी माणूस मरून पडतो, पोलीस शोध घेतात, कोणी येत नाही. अशांचे अंत्यसंस्कार ठेकेदारानंच करायचे, आणि 'इतरांप्रमाणेच' करायचे, असं अटीत आहे. पप्पूभाऊंच्या बिलात ते तसं लागूनही येत होतं. पण समाधाननं एकदा चहाच्या टपरीवर साहेबांना सांगितलं, की त्यांच्यासाठी जे उरलंसुरलं ओलं असतं ते टाकतात, आणि पेटावं म्हणून वरून जुनं टायर. साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि तडक पप्पूभाऊंना गाठलं.

"साहेब, त्याईले कोन इचारते?" पप्पूभाऊ म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "त्याईचं कोनी हाय काय?"

"अटीत हाय. 'इतरांप्रमाणेच.'"

साहेबांनी बिल अडवलं. ठेक्याची मुदत वाढायची होती, ती फाईलही त्यामुळं अडली. मग फोन सुरू झाले. पप्पूभाऊंच्या मंडपात कोणाकोणाची लग्नं लागलीत, ते त्या फोनवरून आम्हाला कळलं. साहेबांची बदली होणार, तीही पार कोकणात, अशी कुजबुज झाली. साहेबांच्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरलेले. "कोकनातई मसनवट असनच," एवढंच ते म्हणाले. पण ही बदली त्यांच्या जिवावर येणार, हे मला पक्कं माहीत होतं. मूलबाळ नाही, बायको म्हणजे आमच्या काकू वारलेल्या, घरात एकटेच. आणि तरी ते घर सोडून हा माणूस भाच्याच्या लग्नालाही मुक्कामाला राहिला नाही. सही केली, तर इथंच राहतील. नाही केली, तर कुलूप लावून जावं लागेल. सगळं एका सहीवर आलं होतं.

मॅडमनी त्यांना बोलावलं. त्यांच्यावरही दबाव होताच. म्हणाल्या, "इंगोले, मला तुमचं पटतं. पण ठेकेदाराचा मजूर चहा पिताना काही बोलला, यावर मी कारवाई करू शकत नाही. नातेवाइकाची तक्रार असली, तर मी आत्ता नोटीस काढते. पण बेवारसाला नातेवाईक कुठून आणणार तुम्ही?"

साहेबांनी कान पुढं करून पुन्हा विचारलं, "नातेवाइकाची तक्रार पायजे?"

"हो. नातेवाइकाची."

त्याच आठवड्यात बसस्टँडच्या बाकावर एक म्हातारा बसल्या बसल्या गेला. मेडशीकडून आलेल्या बसमधून उतरला असावा, असं कंडक्टर म्हणाला, पण त्यालाही खात्री नव्हती. पोलिसांनी फोटो फिरवला, जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर विचारलं, गावोगावी निरोप धाडले. कोणीही आलं नाही. वाट बघायची मुदत संपल्यावर पोलिसांनी आम्हाला कळवलं, आम्ही ठेकेदाराला.

सकाळी ऑफिस उघडतंय, तोच साहेब माझ्या टेबलापाशी आले. पायात चप्पल नव्हती.

"आज मी नाई. घरी माती हाय," ते म्हणाले आणि वळून चालू लागले.

मी उठेपर्यंत ते फाटकाबाहेर. ऑफिसात एकच गडबड उडाली. साहेबांच्या घरी माती? कोणाची? बहीण गेली का त्यांची? की तो भाचा? कोणालाच काही सांगता येईना. पण जो माणूस गावातल्या प्रत्येक मातीला गेला, त्याच्या घरी आपण जायचं नाही म्हणजे काय? मॅडमनी जीप काढली, आम्ही स्कूटरवर, सफाईवाले घंटागाडीतून. साहेबांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते त पायीच मोक्षधामाकडे गेले. एकलेच."

आम्ही पोचलो, तर सरण रचलेलं, त्यावर पांढऱ्या कापडात तो म्हातारा, आणि उशाशी साहेब खांद्यावर मडकं घेऊन उभे. उपरणं डोक्याला बांधलेलं. पप्पूभाऊ हातात मोबाईल घेऊन लालबुंद झालेले.

"म्याडम, पाहा ना जी हे! म्हन्ते, मी नातेवाईक हाव. अवो साहेब, कोन लागते हा तुमचा?"

"कोन लागते ते सांगावं, असं अटीत नाई," साहेब म्हणाले. मग त्यांनी मडकं हलकेच खाली ठेवलं, सरणातल्या एका ओंडक्यावर बोटं मारली आणि मॅडमकडं वळले. "म्याडम, तुमी ऐका. मले ऐकू येत नाई."

मॅडम क्षणभर घुटमळल्या. मग ओढणी सावरून त्या वाकल्या आणि ओंडक्याजवळ कान नेला. साहेबांनी पुन्हा वाजवलं.

"भद्द," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मंग नातेवाइकाची तक्रार हाय."

मॅडमनी पप्पूभाऊंकडं पाहिलं. मी त्यांना इतक्या थंडपणे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "नोटीस ऑफिसात मिळेल. आधी लाकूड बदला."

समाधान ट्रॅक्टर घेऊन असा सुटला, की जणू त्याचाच कोणी तिथं झोपला होता. कोरडं लाकूड येईपर्यंत वेळ गेला. उन्हात सगळं ऑफिस उभं, पण कोणी सावलीलाही सरकलं नाही. सरण नव्यानं रचलं. साहेबांनी मडक्यातून पाणी सोडत फेरी घातली आणि अग्नी दिला. पाहता पाहता ते नीट पेटलं.

आता दोन शब्द. सवयीनं सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. पण घरचा माणूस बोलत नसतो. कोणीच पुढं होईना. तेवढ्यात पप्पूभाऊ घसा खाकरून समोर आले. मोबाईल खिशात टाकला. लग्नात माइक हातात घेऊन तासतास बोलणारा तो माणूस.

"मयताले मी ओळखत नव्हतो," ते म्हणाले. "लाकूड पयले ओलं होतं. आता कोरडं हाय. माह्याकडून... माह्याकडूनई श्रद्धांजली."

नोटीस निघाली, दंड बसला. मुदतवाढीच्या वेळी मॅडमनी एक नवी अट घातली, की बेवारसाच्या मातीला नगर परिषदेचा एक माणूस नातेवाईक म्हणून उभा राहील आणि लाकूड त्याला दाखवल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही. त्या अटीवर पप्पूभाऊंनी सही केली आणि साहेबांनी त्या बिलावर, बेवारसांची रक्कम वजा करून. बदलीचे फोन अजून अधूनमधून येतात. मॅडम ते स्वतः घेतात आणि फार वेळ घेत नाहीत. आम्ही मातीला जायच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. लेखापालसुद्धा जातात. आम्ही नगर परिषदेची माणसं आहोत, हे मी पूर्वी कोणी विचारलं तर सांगायचो. हल्ली न विचारता सांगतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हंजे साहेबांच्या घरी आज चूल पेटली नसन." ज्या घरी माती होते तिथं त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. तिनं बेसन केलं, भाकरी थापल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

साहेब अंघोळ करून ओट्यावर बसले होते. चूल खरंच पेटली नव्हती. त्यांनी डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"तुह्यी काकू अकोल्याले गेली," ते म्हणाले.

काकू करोनात अकोल्याच्या दवाखान्यात वारल्या, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. त्यापुढचं कधी कोणी विचारलं नव्हतं.

"मी इकडे वार्डात होतो, नाकात नळी. उठू देत नव्हते. फोन आला, झालं म्हनून. मले काही मालूम नाई बाबू. लाकूड कसं होतं, काय होतं. लाकडाचं जाऊ दे..." उजवा कान माझ्याकडं करून त्यांनी विचारलं, "कोनी उभं असन काय रे तिच्यापाशी?"

त्या दिवसांत मी आमच्या मोक्षधामाच्या फाटकावर ड्युटी केली होती. तेव्हा ठेका नव्हता. आमचेच सफाईवाले ते प्लास्टिकचे कपडे घालून, ज्यांना पाहिलंही नव्हतं अशा परगावच्या माणसांना अग्नी देत होते. कोणी बघत नव्हतं, कोणाची सही लागत नव्हती, आणि तरी प्रत्येक वेळी मागं सरकल्यावर ते हात जोडत होते. अकोल्याला काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. पण मला ते सांगायला कोणाच्या दाखल्याची गरज वाटली नाही.

"होतं ना, साहेब. तिथल्या पालिकेचं मानूस होतं. आपल्यातलंच."

"हात जोडले असतीन त्यानं?"

"जोडले, साहेब."

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ते जेवू लागले.